गंज, जीप आणि येळणे भाऊजी

७ जून १९९२, रविवार. मृग लागायच्या आत फाटकाला रंग द्यायचा म्हणून सकाळपासून पॉलिशपेपर घेऊन बसले आहे. भिलाईत लोखंडाची कमतरता नाही आणि गंजाचीही नाही. प्लांटकडून संध्याकाळी जी तांबूस धूळ येते ती फाटकावर, तुळशीवर आणि वाळत घातलेल्या चादरींवर सारख्याच मायेने बसते. पहिल्या पावसात तिचा लेप होतो आणि त्या लेपाखाली गंज निवांत आपलं काम सुरू करतो. आधी घासायचं, मग लाल प्रायमर, तो वाळला की हिरवा ऑइलपेंट. यात शिकण्यासारखं फार नाही, चुकण्यासारखं मात्र बरंच आहे.

समोरच्या क्वार्टरमधले मिश्राजी फिरून परत येताना थांबले. माझं काम बघून म्हणाले, "बहनजी, येळणे साहब होते तो इसको पास नहीं करते."

"क्रॉस मार देते," मी म्हणाले.

दोघंही हसलो. येळणे भाऊजी भिलाई सोडून गेले त्याला आता सात वर्षं होतील, पण आमच्या गल्लीत कुणी ब्रश हातात घेतला की त्यांचं नाव निघतंच.

आम्ही १९७४ साली या क्वार्टरमध्ये राहायला आलो तेव्हा शेजाऱ्यांपैकी मला पहिल्यांदा दिसले ते दोन पाय. शेजारच्या अंगणात एक जुनी जीप उभी होती आणि तिच्याखालून ते बाहेर आलेले होते. लांब, सडपातळ, खाकी अर्ध्या विजारीतले, टाचांना डांबर लागलेलं. घरात सामान अस्ताव्यस्त, दोन मुलं भुकेली आणि नळ कोरडा. ओळखपाळख करून घ्यायला वेळ नव्हता. मी कुंपणावरून त्या पायांनाच विचारलं, "अहो, पाणी आलं का?"

जीपखाली काहीतरी दणकन आपटलं. बहुधा डोकं.

"पाणी? कुठं आलं? कोन्या बाजूनं?"

"नळाला."

"हां, नळाले." पाय पुन्हा सैल झाले. "मंग तसं सांगा ना जी. मले वाटलं गाडीत आलं."

दिगंबर येळणे आणि त्यांची पत्नी कमलवहिनी मूळचे आर्वीकडचे. मुलीचं लग्न होऊन ती यवतमाळला, घरात दोघंच. भाऊजी प्लांटमध्ये तपासणी खात्यात होते. लोखंडाच्या तयार प्लेटा त्यांच्यासमोर येत. ते त्या डोळ्यांनी बघत, छोट्या हातोडीने वाजवत, आणि दोष दिसला की खडूने मोठी पांढरी फुली मारत. फुली बसलेली प्लेट पुन्हा भट्टीत वितळायला जायची. फुली पुसायचा अधिकार कुणालाच नव्हता, साहेबांच्या साहेबांनाही नाही, असं ते स्वतः सांगत. बाकीचे लोकही तसंच सांगत, फक्त सांगताना कपाळावर हात मारून घेत. प्लेटेवर केसाएवढं छिद्र असलं तरी भाऊजींच्या नजरेतून सुटत नसे. "भोक म्हंजे दोष," हे त्यांचं एक वाक्य. "लोखंड झोपते, पन गंज झोपत नाई," हे दुसरं. आणि तिसरं, "पानी चोरावानी असते. भोक दिसलं का घुसलंच."

नोकरी माणसाच्या हाडात मुरते म्हणतात, यांच्या बोटांत मुरली होती. ते काहीही वाजवून बघत. वांगी वाजवत, खाट वाजवत, आमच्या घरी आले की बसायच्या आधी खुर्ची वाजवत. शर्टाच्या खिशात खडू असायचाच. एकदा मी पाण्याची बादली भरून ओसरीत ठेवली होती, तिला टिचकी मारून त्यांनी बुडाशी फुली काढली. "ताई, ही जाईन." मला राग आला. बादली नवी होती. पुढच्या महिन्यात ती गळायला लागली, तेव्हा मला जास्त राग आला.

आता जीप. ती लष्कराने काढून टाकलेली. जबलपूरच्या लिलावातून भाऊजींनी घेतली होती आणि स्वतः चालवत आणली होती, तेही भर उन्हाळ्यात. छत कापडी, दारं नाहीत, रंग एके काळी हिरवा. पुढची चाकं आणि मागची चाकं दोन्ही जोर लावतात, म्हणून चिखलात अडकत नाही, हा तिचा गुण. नोकरीला जायला त्यांना सायकल पुरत असे. सिविक सेंटरला भाजी आणायलाही सायकलच. मग जीप कशाला? हे मी वहिनींना विचारलं, तर त्या पदर खोचून हसायला लागल्या.

"माह्यासाठी घेतली म्हंते."

"आणि तुम्ही बसता का तिच्यात?"

"मी? मेली तरी नाई."

हकीकत अशी होती. वहिनींचं लग्न आषाढात झालं. भाऊजींचं गाव काळ्या मातीतलं. पावसाळ्यात मुख्य रस्ता सोडला की गावापर्यंत निव्वळ चिखल, बस नाही, काही नाही. नव्या नवरीची बैलगाडी वाटेत आसापर्यंत रुतली. बैल बसले, वऱ्हाडी पायी पुढे गेले, आणि वहिनी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून, अख्खी दुपार गाडीत बसून राहिल्या. वर पाऊस. शेवटी सासऱ्यांच्या गड्याने त्यांना पाठकुळी घेऊन घरी पोचवलं. "पाठकुळी!" हे सांगताना वीस वर्षांनंतरही त्यांचे कान लाल होत. त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं की या गावात मी पुन्हा राहायला येणार नाही. आणि नवऱ्याने शब्द दिला की नोकरी संपल्यावर तुला मी याच रस्त्याने, याच चिखलातून, भर पावसात घेऊन जाईन, पण अशा गाडीतून की जी रुतणार नाही.

"अन् मंग हे आणलं," वहिनी जीपकडे मान वळवून म्हणायच्या. "चाकं नाई रुतनार, ते खरं. पन मधातूनच तुटन, मी अंदरून खाली पडन, अन् हे गावापर्यंत एकटेच जाईन. मांगं पाहायची सवय कुठं आहे यायले."

भाऊजी जीपखालून ऐकत असत. उत्तर येई, "तुटनार नाई. मी आहो ना."

त्यांची सगळी धडपड यासाठी होती. निवृत्तीपर्यंत जीप टिकली पाहिजे. इंजिनाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. इंजिन बिघडलं तर दुसरं मिळतं, असं म्हणायचे. खरी गोष्ट खालचा सांगाडा. चॅसिस. दोन लांब पोकळ लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. त्यावर सगळी गाडी उभी. "माणसाचा कणा गेला तर वरून पावडर लावून का होते?" असं ते मला विचारत. मी पावडर लावत नसे, त्यामुळे उत्तर देत नसे.

त्यांचा पावसाळा एप्रिलात सुरू होई. तारेच्या ब्रशाने सांगाडा घासायचा. मग रॉकेलने पुसायचा. मग लाल प्रायमर, एक हात उभा, एक आडवा. तो वाळला की कोमट डांबर. हे डांबर शेगडीवर पातळ करावं लागे आणि त्यासाठी भांडं लागे. एका वर्षी वहिनी माहेरी गेलेल्या असताना भाऊजींनी लोणच्याचं मोठं पातेलं वापरलं. परत आल्यावर वहिनींनी पातेलं पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खडू मागून घेतला. पातेल्यावर फुली काढली. मग भाऊजींच्या बनियनवर, बरोबर पोटावर, दुसरी काढली. ते बनियन घालून भाऊजी संध्याकाळपर्यंत अंगणात काम करत होते. कुणी विचारलं तर सांगत, "नापास झालो."

डांबराचा वास गल्लीभर पसरायचा. मिश्राजी खिडक्या लावून घेत. आमचे हे नाकाला रुमाल लावून हिशेबखात्यात जात, मी पदर लावून शाळेत शिकवायला. वहिनी मात्र शांत. "बाकीच्यायचे नवरे अत्तर लावतात," त्या म्हणायच्या, "माह्या नवऱ्याचं हेच." नवऱ्याला खिजवायची दुसरी रीत म्हणजे ओले कपडे जीपच्या बोनेटवर वाळत टाकणं. भाऊजी कामावरून आले की सायकल स्टँडवर लावायच्या आधी ते कपडे उचलत, पिळत आणि कुंपणावर टाकत. तक्रार एका शब्दाची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं चाललं.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीची गोष्ट सांगितल्याशिवाय भाऊजी कळायचे नाहीत. एका वर्षी विसर्जनाचा ट्रक ऐनवेळी मिळाला नाही. सगळे भाऊजींकडे गेले. मंडळाचे सेक्रेटरी कुलकर्णी हात जोडून म्हणाले, "येळणेसाहेब, बाप्पाचं काम आहे."

"बाप्पाले कावून नाई म्हनू? न्या. पन पानी उडवायचं नाई."

"नाही उडवणार."

"अन् बम्परवर नारळ फोडायचा नाई. नारळाच्या पान्यात खार असते."

नारळ दगडावर फुटला. गणपती जीपमध्ये बसला. ढोल सुरू झाला. मिरवणूक निम्म्या रस्त्यावर आली आणि आभाळ फुटलं. माणसं झाडाखाली पळाली, ढोलवाल्याने ढोल पोटाशी घेतला. भाऊजींनी सीटखालून ताडपत्री ओढली आणि एकट्याने धावत धावत अख्खी जीप झाकली, दोऱ्या बांधल्या. कुलकर्णींना भरून आलं. ते सगळ्यांना सांगू लागले, "पाहा, स्वतः भिजतोय, पण मूर्तीवर थेंब पडू दिला नाही. याला म्हणतात भक्ती." भाऊजी तेवढ्यात आपल्या कामात मग्न होते. वाकून, चाकावरून वर उडालेला चिखल रुमालाने पुसत होते.

तलाव दिसायला लागल्यावर त्यांनी गाडी थांबवली. "इथून पुढं तुम्ही न्या."

"अहो, काठ अजून लांब आहे."

"आहे. पन वल आली ना जमिनीले."

गणपती तिथून डोक्यावरून गेला. गणपतीची तक्रार असल्याचं ऐकिवात नाही. पुढच्या वर्षी मंडळाने ट्रक आठ दिवस आधी ठरवला.

मला वाटतं, ज्या माणसाला एक गोष्ट फार चांगली येते तो त्याच गोष्टीत चुकतो. भाऊजींची चूक त्यांच्या नोकरीतून आली. जीपच्या सांगाड्याच्या त्या पोकळ दांड्यांना खालच्या बाजूला मधे मधे छोटी भोकं होती. गाडी बनवणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेली. पण भोक म्हणजे दोष, हे ज्याच्या बोटांत मुरलेलं, त्याला ती बघवेनात. दरवर्षी डांबर लावताना त्यांनी एकेक भोक बुजवलं. आधी रंगारी वापरतात ती लांबी भरून, मग वरून डांबर. शेवटचं भोक बुजवलं त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटल्याचं मला आठवतं. कारण कुणाला कळलं नाही. मिश्राजींनी यवतमाळच्या मुलीला दिवस गेले का म्हणून विचारलं.

१९८५चा उन्हाळा. जूनअखेर निवृत्ती होती. गावाकडचं घर दुरुस्त करून झालं होतं, क्वार्टर सोडायची तयारी सुरू होती. भाऊजींनी जीपची शेवटची डागडुजी काढली. मागच्या बाजूला जॅक लावून एक अंग चांगलं उंच उचललं. मी कुंपणाशी कपडे वाळत घालत होते. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या.

"अजी, हे का वाजून राहिलं?"

"काई नाई. पेट्रोल असन."

"पेट्रोलची टाकी त्या अंगाले, आवाज या अंगाले. मले का येडी समजता?"

भाऊजींनी जॅक थोडा खाली केला, पुन्हा वर केला. मलाही ऐकू आलं. माठ तिरपा केल्यावर जसं आत हलतं तसं खळखळत काहीतरी मागून पुढे गेलं.

भाऊजी खाली गेले. हातोडीचे आवाज आले. पुढच्या बाजूला ठण्ण. ठण्ण. मधे आल्यावर बद्द. पुन्हा बद्द.  मग त्यांनी पेचकस मागितला. वहिनींनी दिला. त्यांनी तो डांबरावर टेकवून नुसता दाबला, तर भिजलेल्या पापडात जावा तसा आत गेला आणि गुळाच्या पाण्यासारखं तांबडं पाणी त्यांच्या हातावरून कोपरापर्यंत ओघळलं. अंगणातल्या मातीत त्याचं लहानसं डबकं झालं.

ते बाहेर आले. जमिनीवरच बसले.

"कुठून आलं असन?" त्यांनी कुणालाही न विचारता विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं. "वरून. बॉडीच्या खाली बोल्टाची भोकं आहेत, ते झाकलेली. तिथून उतरलं. अन् खालून..."

"खालून मोरी बुजवली तुम्ही," वहिनी म्हणाल्या. त्या टोचून बोलत नव्हत्या, समजून घेत होत्या. "घर पाहाले गेलं तर मी पयले मोरी पाह्यते. पानी येनारच ना घरात. जाले वाट पायजे."

भाऊजी उठले, खिशातून खडू काढला, आणि जीपच्या बोनेटवर एवढी मोठी फुली मारली की खडू मधेच तुटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुम्हारीच्या एका भंगारवाल्याला निरोप पाठवला. त्याचा माल शेवटी वितळायला इथल्याच भट्ट्यांत येई. "जिथून आलं तिथं जाईन," एवढंच म्हणाले. वहिनींना सांगितलं की आपण रेल्वेने जाऊ, आणि गाव नको असेल तर नागपूरला भाड्याची खोली बघू.

नंतरचे दिवस आमच्या गल्लीला चमत्कारिक गेले. शेजारून ठोकाठोकी नाही, डांबर नाही. भाऊजी कामावरून येत, हातपाय धूत आणि ओसरीत स्वच्छ कपडे घालून बसत. त्यांचा चेहरा मी इतका वेळ सलग कधी पाहिला नव्हता. चांगला होता. वहिनी माझ्याकडे येऊन बसायला लागल्या.

"घरात फिरून राहिले दिवसभर, सुटीच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "काल मले विचारे, डाळ कशी निवडतात. सांग बाई, मी का करू या मानसाचं?"

"जीप जाऊ दे म्हणता ना तुम्ही इतकी वर्षं. आता चालली."

"हो. चालली." त्या माझ्या सुपातली डाळ निवडू लागल्या. "मी नाई म्हंतो ते ठीक आहे. पन त्यायनं कावून नाई म्हनावं?"

भंगारवाल्याचा ट्रक आला तो रविवारी. भंगारवाला, एक सरदारजी, दोन माणसं घेऊन अंगणात शिरला, जीपभोवती फिरला आणि गोंधळला. "साहब, कौन सा माल है? निशान तो कहीं है नहीं."

फुली नव्हती. बोनेट ओलं होतं आणि त्यावर वहिनींचं स्वयंपाकघरातलं फडकं पडलेलं होतं. आम्ही सगळे कुंपणाला येऊन उभे राहिलो. मिश्राजींच्या हातात वर्तमानपत्र उलटं होतं.

"मी मारलेली फुली कोनी पुसत नाई," भाऊजी म्हणाले. आवाज कामावरचा होता.

"मी पुसली."

"आजपर्यंत कोन्या साहेबाची हिंमत नाई झाली."

"तो साहेब तुमच्या घरात भांडे घासत नसन." वहिनी सरदारजींकडे वळल्या. "भैया, निशान है क्या? नहीं ना? फिर जाओ. चाय पीके जाओ."

सरदारजी समंजस होता. तो चहासाठी थांबला, पण फाटकाबाहेर.

"कमल, तिचा कणा गेला," भाऊजी म्हणाले. "मी पाह्यला आहे. तुह्या हातानं दाबून पाह्य."

"सगळा गेला?"

"मधातला. बाकीचा खनखनीत आहे."

"मंग मधात ठिगळ लावा."

"ठिगळ?" भाऊजींना हा शब्द लागला. "चॅसिसले ठिगळ? माह्या हातून ठिगळवाली प्लेट जन्मात पास झाली नाई."

"मंग नापास गाडीत जाऊ. मी बी मॅट्रिक नापासच आहो, तरी तुमचा संसार वढला ना? तुमच्या प्लांटात दोनच गोष्टी, पास नाई तर भट्टी. माह्या घरात असं असतं तर तुमच्या अंगावर एक सदरा राह्यला नसता." त्यांनी श्वास घेतला. "अन् रेल्वे गावापर्यंत जाते काय? स्टेशनावरून पुढं मले कोन नेईन? पुन्हा कोनाच्या पाठकुळी पाठवता? या वयात?"

 भाऊजींनी आत जाऊन खाकी विजार घातली. सरदारजीचा ट्रक रिकामा गेला.

पॉवर हाऊसच्या बाजूचा एक वेल्डर आला. सांगाड्याचा सडलेला भाग कापला, दोन्ही दांड्यांना नव्या जाड पट्ट्या जोडल्या. प्रत्येक जोड भाऊजींनी वाजवून पाहिला. दोनदा त्यांनी फुली मारली आणि दोनदा वेल्डरने जोड काढून नव्याने केला. तिसऱ्यांदा वेल्डर म्हणाला, "साहब, अब भाभीजी को बुलाऊँ क्या?" त्यानंतर खडू खिशातून निघाला नाही.

खरा प्रसंग पुढे होता. भोकं पुन्हा पाडायची होती. हाताने फिरवायचा ड्रिल घेऊन भाऊजी गाडीखाली झोपले आणि काहीच आवाज येईना. मी डोकावून पाहिलं. स्वतःच्या मुलीचे कान टोचायला सांगितल्यावर बापाचा होतो तसा चेहरा.

"टोचा, टोचा," वहिनी वरून म्हणाल्या. "रडत नाई ते."

मग ड्रिल फिरू लागला. सगळी भोकं मोकळी झाल्यावर त्यांनी डास मारायच्या पंपात इंजिनाचं जुनं तेल भरलं आणि दांड्यांच्या आतून फवारलं. तेल भोकांतून ठिपकत खाली आलं. ते बघत भाऊजी म्हणाले, "येते आहे बाहेर." असं म्हणताना त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, मला ठरवता आलं नाही. बाहेर येणारी गोष्ट चांगली असू शकते, हे ते नुकतंच शिकत होते आणि निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते.

जुलैच्या सुरुवातीला सामानाचा ट्रक पुढे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. आभाळ भरलेलं होतं. पुन्हा पावसाळ्यातच जायचं, हे भाऊजींचं ठरलेलं होतं. शब्दच तसा होता. गल्लीतले सगळे बाहेर आले. वहिनींनी चापूनचोपून लुगडं नेसलं होतं आणि डोक्याला टॉवेल बांधला होता. इतक्या वर्षांत त्या प्रथमच जीपमध्ये बसणार होत्या. पायरीवर पाय ठेवायच्या आधी त्यांनी बोटं दुमडून सीट वाजवली. मग चाकावरची पट्टी वाजवली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कसं का?" भाऊजींनी विचारलं.

"पाहू," म्हणाल्या आणि चढल्या.

मी शेंगदाण्याच्या चटणीची बरणी त्यांच्या मांडीवर दिली आणि म्हणाले, "पोचल्यावर कळवा."

"कळवतो बाई. नाई पोचलो तर तुलेच कळन पयले."

भाऊजींनी आमच्याकडे हात केला नाही. त्यांचं लक्ष खालच्या आवाजात होतं. जीप गल्लीच्या टोकाशी वळताना एकदा कुरकुरली, वहिनींनी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला, आणि मग झाडांच्या आड फक्त टॉवेलचा पांढरा ठिपका काही वेळ दिसत राहिला. तेवढ्यात पाऊस सुरू झाला आणि मी वाळत घातलेले कपडे काढायला धावले.

दिवसभर पाऊस होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठले, स्वयंपाक उरकला, यांचा डबा भरला आणि टेम्पोने दुर्गच्या बसस्टँडवर गेले. नागपूरची बस संध्याकाळी तिथे येऊन मुक्काम करते आणि सकाळी परत निघते. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत घेऊन दात घासत होता. मी त्याला विचारलं, काल येताना रस्त्यात एक जुनी हिरवी जीप दिसली का.

"बिना दरवाजे की? देखी न. देवरी के पास, चाय की टपरी के सामने. उधर तो जोर का पानी गिर रहा था."

"बंद पड़ी थी?"

"नहीं नहीं, इंजन चालू था. साहब छाता लेके खड़े थे. बाई नीचे झुकके, बालों की पिन से गाड़ी को कुछ कोंच रही थीं."

"फिर?"

"फिर क्या. नीचे से धार लगी पानी की. बाई ने पिन वापस जूड़े में खोंसी और बैठ गईं. हमको साइड भी दी साहब ने."

मी परत टेम्पो पकडला आणि थेट शाळेत गेले. पहिला तास बुडाला होता. मोठ्या बाईंनी कारण विचारलं, मी घरगुती म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या तासाला वर्गावर गेले.